बंद पडलेलं गणित

२२ मार्च १९९६, पाथर्डी
बंद! ऑफिसच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलली आणि गणिताचं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर एकच ओळ — या मशीनला परवाना नाही, नवा कोड टाका. कोड देणार बंगलोरची कंपनी. तिसगावजवळ आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव व्हायचाय. त्याच्या मातीच्या भिंतीची सगळी आकडेमोड माझ्याकडे, आणि ती अडकली यात. २७पर्यंत फाईल मंजुरीसाठी नाशिकला पोचली नाही तर तलाव या वर्षी गेला.

२३ मार्च
एसटीडी बूथवर दोन तास. शेवटी कंपनीतली एक बाई फोनवर आली. मशीनचा नंबर वाचून दाखवला. नुसती खरखर! "बी फॉर बॉम्बे?" "नो, डी! डी फॉर दिल्ली!" तिनं बारा अक्षरांचा कोड सांगितला. धावत ऑफिसला. टाकला — चुकीचा. परत टाकला — चुकीचा! पुन्हा बूथ गाठला तर तिकडं कुणी उचलेना. शनिवार.

२४ मार्च
वस्तीवर गेलो. आई हपशीवर नंबर लावून बसलेली. "म्हेंद्र, तळं व्हनार न्हवं का रं? समदी इचारत्यात."
होणार, म्हणालो. जेवण गेलं नाही.

२५ मार्च
फोन लागत नाही. नगरला जाऊन फॅक्स केला. उत्तर नाही.

२६ मार्च
भागवत साहेब टेबलाशी आले. "भिंतीचा जानेवारीतला प्रिंटआउट आहे ना? त्यातलेच आकडे लाव."
तो कच्चा आहे, तपासलेला नाही, म्हणालो.
"मग तुझ्या लोकांना तलाव नको का?"
तुझ्या लोकांना! तेच आकडे लावले. सही केली. चार वाजता फाईल जीपमधून गेली.

२९ मार्च
नगरला फॅक्सनं नवा कोड आला, तो जाऊन आणला. बाईनं त्या दिवशी मशीनच्या नंबरात 'डी'ऐवजी 'बी' लिहून घेतला होता. या वेळी उघडलं!
मनाच्या समाधानासाठी सगळं पुन्हा चालवलं. आकडे जुळेनात. तीनदा चालवलं. मग जानेवारीचा कागद ओळीओळीनं वाचला. एका जागी वजाऐवजी अधिक. माझ्याच हातचं. पाठवलेल्या नकाशात भिंत फार उभी आहे — तळं भरलं की ढासळेल. खाली आमची चाळीस घरं.
साहेब म्हणाले, "काम सुरू होताना बघू. आत्ता गप्प बस."

३० मार्च, नाशिक
दुरुस्त आकडे सोबत नेले होते, पण मुदत संपली म्हणून घेईनात. फाईल मी मागे घेतली. तलाव गेला. वस्तीवर अजून कुणाला माहीत नाही.