रिकाम्या घराची बेल

प्रिय आई,

फोन सोडून पत्र आलंय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. भानगड आहेच, पण आनंदाची. फोनवर सांगायला गेले असते तर तू आधी जेवलीस का विचारलं असतंस, मग झोपतेस किती, मग खोलीतला पसारा आवरलास का, आणि माझं सांगायचं तसंच राहिलं असतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा मोठा फायदा. तेव्हा चष्मा लाव, नीट टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच. शेवटी तुला एक विचारायचं आहे, आणि तुझ्या उत्तरावर माझा सगळा सिनेमा अडलाय.

हो, सिनेमा! वर्षअखेरीच्या सिनेमासाठी सगळ्या वर्गातून माझी गोष्ट निवडली. ऐकल्यावर मी वर्गातच अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातले लोक दारात येऊन उभे राहिले. मानसिक थरारपट आहे. म्हणजे भूत नाही, खून नाही, रक्ताचा एक थेंबसुद्धा नाही, तू उशीमागे तोंड न लपवता बघू शकशील. एकटी राहणारी एक बाई. तिला आपल्याच मनाचा भरवसा वाटेनासा होतो, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीचा प्रसंग असा जमलाय की माझ्याच अंगावर काटा येतो.

बघ हं. दुपार कलतेय. जिन्यातून एक बाई वर येते, पाठमोरी. तोंड दिसत नाही, फक्त खांद्यावरची पर्स आणि हातातली किल्ली. दाराला बाहेरून कुलूप. ती किल्ली लावत नाही. बेल वाजवते. पदर सारखा करते, कपाळावरचे केस मागे घेते आणि थांबते. कुलूप तिच्या डोळ्यांसमोर लटकतंय आणि ती थांबलीय! मग किल्ली लावून कुलूप उघडते, आणि ती दार ढकलणार एवढ्यात आतून कोणीतरी कडी काढल्याचा आवाज येतो. बस. काळोख, आणि सिनेमाचं नाव.

कसं आहे? आता रोज आमची मंडळी माझ्या खोलीत ठाण मांडून असतात. कॅमेरा करणारा लांब्या, तो तर जिन्यात आडवा पडून बघतो की पायऱ्या कुठून जास्त भीतीदायक दिसतील. परवा घरमालकीणबाई त्याच्यावरून अडखळल्या, तेव्हा थरार म्हणजे काय ते आम्हाला प्रत्यक्ष कळलं. आवाज टिपणारी कानसेन, तिला साधी बेल चालत नाही. मी तिला आपल्या घरच्या बेलची नक्कल करून दाखवली, ती बाबांनी हौसेने आणलेली पक्ष्याची, जी आता सर्दी झालेल्या पक्ष्यासारखी वाजते. तेव्हापासून ती हटून बसलीय की हवी तर तीच बेल. आणि संकलन करणारी कात्री. तिला वाट बघणं मुळीच सोसत नाही. बाई दाराशी एवढा वेळ उभी राहिली तर प्रेक्षक उठून चहाला जातील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, एक क्षणसुद्धा कापायचा नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला एवढा राग का आला ते मलाच समजेना.

त्यात आमचे सर. त्यांना आम्ही 'पणका' म्हणतो, कारण काहीही सांगितलं की ते शांतपणे विचारतात, पण का? त्यांनी माझा प्रसंग वाचला, मान डोलावली, आणि विचारलं की घरात कोणी नाही हे तिला ठाऊक आहे ना, मग ती बेल वाजवते, पण का? मी म्हटलं, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. ते म्हणाले की हे उत्तर आळशी आहे. सोमवारपर्यंत खरं उत्तर आण, नाहीतर सुरुवात बदल. आई, सुरुवात बदलली तर त्या सिनेमात उरतं काय? माझी पाचावर धारण बसली.

मग काल तालीम केली. आमच्याकडे चित्रीकरणासाठी सुतारांनी केलेलं एक दार आहे, नुसतं चौकटीत उभं, मागे घरच नाही. नटी आली नव्हती म्हणून मीच बाई झाले. किल्ली हातात घेतली, बेल दाबल्यासारखं केलं आणि उभी राहिले. आणि उभ्या उभ्या माझ्या तोंडून आपोआप निघालं, आलो आलो म्हणायचं आणि यायचं मात्र नाही. लांब्या हसला, त्याला वाटलं मी संवाद वाढवला. मी मात्र तालीम तिथेच थांबवली.

कारण ते वाक्य तुझं आहे. बाबा आतून आलो आलो ओरडायचे आणि येतच नसत. आधी चष्मा सापडायचा नाही (बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवणार आणि नवऱ्याला चष्मा सापडणार नाही, म्हणून तू किती चिडवायचीस), मग एक चप्पल पलंगाखाली, मग तो दुखरा गुडघा. तू बाहेर उभी राहून पुटपुटायचीस, पदर सारखा करायचीस, आणि दार उघडेपर्यंत राग विसरून जायचीस. किल्ली तेव्हाही तुझ्या पर्समध्ये असायचीच. पण बाबांना दार उघडायला आवडायचं, म्हणून तू ती कधी काढली नाहीस.

आई, ती जिन्यातली बाई मी मनाने रचलेली नाही. गेल्या सुट्टीत मी दूध आणायला खाली गेले होते, परत येताना तू पुढे दिसलीस. हाक मारणार होते. तेवढ्यात तू बेल वाजवलीस. घराला कुलूप, मी जिन्यात, बाबा जाऊन एवढे महिने झालेले, आणि तू उभी. मी घाबरले, खरंच घाबरले. आईला काहीतरी होतंय असं वाटलं, आणि विचारायचं धाडस झालं नाही. ती भीती मी इथे घेऊन आले आणि तिचाच थरारपट केला. काल त्या घर नसलेल्या दारासमोर कळलं की तुला काहीही झालेलं नाही. तू बाबांना यायला वेळ देतेस. कात्रीला जो वेळ फार वाटतो, तो त्यांच्या गुडघ्याचा आहे.

आता माझ्याकडे सरांच्या 'पण का'चं उत्तर आहे, आणि ते इतकं चांगलं आहे की मला रात्रभर आनंदाने झोप लागली नाही. पण ते तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर तो प्रसंग मी फाडून टाकेन. रडेन, पण फाडेन. हो म्हणालीस तर कानसेनला आपली बेल नेऊन दाखवेन. हे फोनवर सांगू नकोस, मी शनिवारी येतेय, तू दुकानातून यायच्या आधीच पोहोचेन. दाराला कुलूप नसेल. तू बेल वाजव, किल्ली पर्समध्येच राहू दे. मी धावत येणार नाही. तुला जेवढं थांबायची सवय आहे तेवढं थांबवेन, आतून आले आले ओरडेन, आणि तू बाहेर मनसोक्त पुटपुटून घे. मग मी दार उघडेन.

तुझीच,
घाईबाई
(शनिवारी दुपारपुरती नाही)