लिंबाखालची जागा

यास्मिन आपा, सलाम.

तुम्ही मुरुमला सुखरूप असाल. काल दळण आणायला गेले, तिथं कब्रस्तान कमिटीचे जैनोद्दीनचाचा भेटले. म्हणाले, "बेटी, तुझ्या मुजम्मिलनं कब्रस्तानात जागा घेतली ते बरं केलं. लिंबाखाली हाय, सावलीची."

पिठाचा डबा तिथंच विसरून मी घराकडं निघाले. मागच्या आठवड्यात सोलापूरला माझ्या छातीतल्या गाठीची तपासणी झाली, तेव्हा हे मला बाहेर बसवून एकटेच डॉक्टरांकडं गेले होते. येताना म्हणाले, "काही न्हाय, साधी गाठ हाय."

घरी येऊन मी विचारलं, "जागा कुणासाठी घेतली?"

हे चपलेचा अंगठा शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दोघांसाठी. शेजारी शेजारी."

"डॉक्टर खरं काय बोलले?"

"मला सांगवत न्हाय, शाहीन." आणि लेकरासारखे रडले.

मीच त्यांना पाणी दिलं. दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "माझी कोणची?"

"भिंतीकडची. तू भिंतीकडंच झोपतीस न्हवं?"

आपा, लग्न झाल्यापासून मी भिंतीकडंच झोपते. आज दुपारी जरा आडवी झाले, तर भिंतीला हात लागला आणि दचकून उठून बसले. अंथरूण ओढून खोलीच्या मधोमध घेतलं. लई भ्या वाटतंय.

हे पत्र मी टाकणार न्हाय. तुम्ही धावत याल, गळ्यात पडून रडाल, आणि मग मला ते खरं मानावं लागेल.

तुमची धाकटी,
शाहीन