धारचे दार आणि माझा फोटो यांबाबत

मी, विद्युल्लता रत्नाकर दिघे, वय शहात्तर, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारी बसून कोणी सांगत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे यजमान यंदा वैशाखात गेले. देवासचे घर आता माझ्या नावावर आहे. ते, बँकेतल्या ठेवींसह, मुलगा धवल याला मिळावे. त्याने आमचे सगळे केले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

धारचे घर मला वडिलांकडून आले. ते नात ऋजुता हिला द्यावे. तिला मराठी वाचणे जड जाते, म्हणून पुढचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा. धवलने नव्हे, दुसऱ्या कोणी.

मी सोळा वर्षांची असताना त्या घराच्या दारात एका काळ्यापांढऱ्या चित्रपटाचे काम झाले. नाव लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहे. बाहेरून दार लावले जात असताना मी आतून कॅमेऱ्याकडे बघायचे, एवढेच माझे काम. दिग्दर्शक म्हणाले, "कुछ नहीं करना बेटा, खाली देखो." हिंदीत खाली म्हणजे नुसते. आमच्याकडे हिंदी ओट्यापर्यंतच यायची. मी मराठीत ऐकले आणि मान खाली घातली. कडी लागली. सगळे हसले, "अरे, नीचे नहीं!" दिग्दर्शक म्हणाले, "रहने दो. यही रखेंगे."

त्या चुकीवर पुढे लेख आले, स्त्रीचा सोशिकपणा वगैरे. नंतरच्या कितीतरी चित्रपटांत दार लागताना बाई खाली बघते. रंग आले, पडदे मोठे झाले, बाई खालीच बघते. सासऱ्यांनी तो चित्रपट मनावर गावच्या टॉकीजमध्ये पाहिला आणि मला मागणी घातली. अशा नजरेची सून त्यांना हवी होती. पाहुणे आले की सासूबाई म्हणत, "एकदा बघून दाखव गं." मी दाखवत असे.

खरे फक्त यजमानांना सांगितले होते. ते पोट धरून हसले. पुढे आम्ही दोघेच असलो की म्हणत, "विद्युत, खाली बघ." मी सरळ त्यांच्याकडे बघे. आता तसे म्हणणारे कोणी नाही.

त्यांच्या उठावन्याला, तिसऱ्या दिवशी लोक शोकाला जमले तेव्हा, मी मान खाली घालून रडत होते. मागून आवाज आला, "भिया, देख, बिल्कुल पिक्चर जैसी!" आणि मोबाइल वर झाले. मी मान वर केली, रडणे थांबवले. तर धवलच्या सासूबाई म्हणाल्या, "डोळ्यांत टिपूस नाही बाईंच्या." फोटो काढणाऱ्यांनी माझ्या उठावन्याला येऊ नये. धवलच्या सासूबाईंनी जरूर यावे आणि हवे तेवढे रडावे.

आता धवलने एका सिनेमंडळाला शब्द दिला आहे. माझ्यामागे धारच्या घराचे स्मारक होणार, दारात माझा पुतळा, मान खाली. मी नको म्हटले. तो म्हणाला, "आई, हा सन्मान आहे गं. तुझी ती नजर आता तुझ्या एकटीची थोडीच राहिली?" तो वाईट मुलगा नाही. पण म्हणजे मेल्यावरही मी त्याच दारात उभी.

म्हणून ऋजुताला घर देताना अट अशी, की तिथे पुतळा बसवू देऊ नये. दार ठेवावे, सागवान चांगले आहे. बाहेरची कडी मात्र उपटून काढावी. ते दार यापुढे आतूनच लागेल. चित्रपट लोकांनी खुशाल बघावा, चांगला आहे.

वर्तमानपत्रात आणि उठावन्यात त्यातला फोटो लावू नये. गेल्या आठवड्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला गेले होते. डोळे टिपणाऱ्या यंत्रावर बसणारी मुलगी, मोना, म्हणाली, "माताजी, कुछ नहीं करना, खाली इधर देखो." सवयीने मान खाली गेली. यंत्र घेईना. "आँख नहीं आ रही, माताजी." मग मी सरळ समोर पाहिले, आणि मी जिवंत असल्याचे कागदावर आले. लगेच तिथेच फोटो काढून घेतला. तो सोबत जोडला आहे. तोच लावावा.

सही: विद्युल्लता रत्नाकर दिघे
देवास, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: चिंतामणी मुळ्ये, विनीता सरमंडल
बाईंनी सर्व मजकूर वाचून आमच्यासमोर सही केली. जोडलेला फोटो त्यांचाच आहे, हे आम्ही ओळखले.