काकूचा दगड आणि ताटातले तांदूळ

ग्लासगो,
रविवार (तारीख लिहीत नाही, कुठलीही घातली तरी बाहेर हाच पाऊस.)

ती. वरदाआत्यास,

अंशुमनचा साष्टांग नमस्कार, तोही गालिच्यावर घातलेला, कारण इथल्या फरशीवर घातला तर उठवायला ॲम्ब्युलन्स लागेल. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या भाचेसुनेने, ऋजुताने, बजावलंय, आधी आत्याच्या गुडघ्याची चौकशी, मग कामाचं. तर गुडघ्याची चौकशी झाली.

सुचेताकाकू जाऊन पाच महिने झाले. दिनूकाका तिच्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचं घोंगडं तिने माझ्या गळ्यात घातलं. फ्लॅट, पुस्तकं, सतरा प्रेशर कुकर (सगळ्यांच्या शिट्ट्या गायब) असं सगळं मार्गी लागलं. राहिलाय फक्त दगड. काकूने पूर्वी इथे ग्लासगोबाहेरच्या टेकडीवर बंगला घेतला होता, आठवतं? तो विकताना तिने फक्त वरचं विकलं. जमिनीखालची खनिजं स्वतःकडे ठेवली. (इथे असं चालतं. वर एकाचं घर, खाली दुसऱ्याचा खडक, आणि दोघे एकमेकांना ख्रिसमसचं कार्ड पाठवतात. सांगलीत तुझ्या वरच्या मजल्यावरून कुंडीचं पाणी ठिबकलं तर तू सोसायटीची मीटिंग लावतेस.) मी तर मृत्युपत्र शेवटपर्यंत वाचायच्या आधीच खाणमालकाच्या रुबाबात चालायला लागलो होतो. मग आमच्या सॉलिसिटर, म्हणजे वकीलबाई, मिस मॅकफेल यांनी शांतपणे समजावलं: सोनं-चांदी निघाली तर राजाची, कोळसा सरकारी, तेल आणि गॅसही सरकारी. उरली खडी आणि चिखल.

असू दे, खडी तर खडी. पण ती काकूने जिला दिली तिच्या नावावर झाल्याशिवाय फाईल बंद होत नाही, आणि इथेच सगळं अडलंय. जुन्या कागदांवर मालकीण आहे डॉ. मधुमती जोगळेकर. मृत्यूच्या दाखल्यावर आहे सुचेता खांबेटे. डिग्री माहेरच्या नावाची, म्हणून नोकरी आणि बंगला त्या नावाने. पुढे पासपोर्ट केला तो सासरच्या नावाने. बाई म्हणाल्या, आडनाव बदलतं हे मी समजू शकते, पण पहिलं नाव कोणी का बदलेल? म्हटलं, आमच्यात लग्नात बदलायचे. कोणी? सासरच्यांनी. तिला विचारून? इथे मी बिस्किट तोंडात घातलं.

मग नोंद कुठे केली, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं: ताटात तांदूळ पसरले, काकाने अंगठीने त्यात नाव लिहिलं. मग ते ताट कुठाय? म्हटलं, त्याचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. बाईंनी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. आता त्यांच्या फाईलमध्ये 'मूळ दस्तऐवज कुटुंबीयांनी खाल्ला' अशी नोंद आहे. घरी आल्यावर आमच्या ईशानीने (जन्म, शाळा आणि व्याकरण ग्लासगोचं) विचारलं, "बाबा, मग काकूआजी दोन बाई होता का?" मिस मॅकफेलचंही नेमकं हेच म्हणणं आहे.

त्यांना जूनअखेर दोन गोष्टी हव्यात: त्या प्रसंगाचा फोटो आणि हजर असलेल्या माणसाचं शपथपत्र. नाहीतर काकूची ही शेवटची इच्छा 'पूर्ण करता आली नाही' असा शेरा मारून त्या फाईल कपाटात टाकणार. त्या मांडवातली बाकीची मंडळी आता वर काकूबरोबर चहा घेत असतील. उरलीस तू, तेव्हा सतरा वर्षांची नणंद. नाव दिनूकाकाने बदललं असं तू सांगतेस. काकू म्हणायची, वर्गातल्या कुणा मधुमतीने वरदाचं वक्तृत्वाचं बक्षीस पटकावलं होतं, म्हणून हे नाव आमच्या घरात चालणार नाही असा वरदानेच हट्ट धरला. मी कुणाच्याच बाजूने नाही. (दोन्ही घरी जेवलोय.)

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
अंशुमन

ता. क. तुझ्या कपाटात तपकिरी अल्बम आहे. त्यातल्या एका फोटोत अंगठी काकाच्या हातात आहे, पण त्याचं मनगट धरून ते पुढे ढकलणारा हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे, आणि तो नवरीचा नाही. मी नाव घेत नाही. फोटो पाठव.

ता. क. २. शपथपत्राचा मसुदा सोबत जोडलाय. 'वहिनीचं मधुमती हे नाव मी बदलायला लावलं, तिला न विचारता' एवढंच आहे. स्वतःच्या हाताने उतरवून काढ आणि नोटरीसमोर सही कर.

ता. क. ३. सांगायचं राहिलं. तो दगड काकूने तुलाच ठेवलाय. मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात आहे: "टेकडीखालचं सगळं वरदाला. घ्यायचं असेल तर माझं नाव काय होतं ते तिने स्वतः लिहून द्यावं. आणि दगड पाहायला तरी तिने एकदा इकडे यावं. बोलावून बोलावून थकले."

खोली तयार आहे. शपथपत्र पेनने लिही. तांदूळ इथे ग्राह्य धरत नाहीत.