कोळशाच्या पोत्यामागची डबी

सोमवार, ८ ऑक्टोबर १९५६

हलला! खालचा, पुढचा, डावीकडचा. पेरू खाताना काहीतरी सरकल्यासारखं वाटलं म्हणून जिभेनं ढकलून पाहिलं, तर दात चक्क पुढे जातो आणि मागे येतो. दिवसभर जीभ तिथेच. सहावीच्या वर्गात फळ्यावर 'आरोग्य' लिहिलं आणि पुढे काय सांगायचं तेच सुचेना.

वय तेहतीस. आईचे चाळिशीतच सगळे गेले. मग ती भाकरी दुधात कुस्करून खायची, कोणी आलं की पदर तोंडावर घ्यायची. मला ते नको. बोळक्या तोंडानं पोरींना कविता शिकवायची? त्यापेक्षा नोकरी सोडीन.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी मिसरी लावते. तव्यावर जाळून कुटलेली तंबाखू — अकराव्या वर्षापासून, सकाळ-संध्याकाळ. आणि पोरींना स्वच्छता शिकवते! डबी मोरीशेजारी कोळशाच्या पोत्यामागे असते. यांना वाटतं मी दंतमंजन लावते. आमच्या लेकीला, सुलभालाही तेच वाटतं.

बुधवार, १०

हलतोच आहे.

शनिवार, १३

शाळेत दातांची तपासणी. डॉक्टर पंडित म्हणून नागपूरहून इथे नवीन आले आहेत. पोरी रांगेनं तोंड उघडत होत्या, मी वहीत लिहीत होते. आमची सुलभा नेमकी आजच पोटदुखीनं घरी राहिली. तशी तिची काळजी नाही. हिरडीतून कधी रक्ताचा थेंब नाही पोरीच्या, माझ्यावर गेली आहे.

सहा पोरींच्या हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी त्यांना बजावलं, रक्त येतं म्हणून दात घासणं सोडू नका. न घासल्यामुळेच येतं. तेवढ्यात आमची शिपाईण गोदाबाई पुढे झाली. "मले तं कधी रगतच नाही येत, डाक्टरसाब. तीस वरस झाले मिसरी लावते. मजबूत एकदम."

त्यांनी तिच्या तोंडात आरसा धरला. मीही वाकून पाहिलं. हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडलेली. "रक्त येत नाही म्हणजे बरं आहे असं नाही, बाई," ते म्हणाले. "तंबाखू रक्त दाबून टाकते. आजार आत चालूच राहतो. फक्त सांगत नाही."

गोदाबाई हसली. मी तोंड मिटून उभी राहिले. माझी डबी दर महिन्याला तीच तर भरून देते.

सोमवार, १५

गेले डॉक्टरांकडे. शाळा सुटल्यावर, डोक्यावरून पदर घेऊन, चोरासारखी.

त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. वाटलं, आता हा माणूस बाईंना बोल लावणार. त्यांनी नुसती मान हलवली, दाताच्या बुडाशी सुई फिरवून पांढरट काहीतरी काढलं, काचेवर पाण्याच्या थेंबात कालवलं, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाले, "बघा."

काय सांगू काय पाहिलं! आधी नुसता उजेड. मग त्यात काड्या, ठिपके, लांब पिळलेले दोरे — आणि ते चालत होते! एक सरळ धावत आला, दुसऱ्याला धडकला, वळून परत गेला. काही जागच्या जागी थरथरत होते. एवढ्याशा थेंबात गुरुवारच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी. हे माझ्या तोंडात! मी कविता म्हणताना, जेवताना, झोपेत, हे सगळे आपापल्या उद्योगाला लागलेले असतात. किळस यायला हवी होती. आली नाही. मला तिथून उठवेना.

"सगळ्यांच्याच तोंडात असतात," डॉक्टर म्हणाले. "त्यांना ठाण मांडू द्यायचं नाही, एवढंच."

मग कीटण खरवडलं. भांड्यात टिण टिण आवाज. ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा खडा पडला, तो मी बोटात धरून पाहिला. दगड. माझ्या अंगात तयार झालेला.

मिसरी बंद. मऊ ब्रशनं हिरडीच्या कडेनं हळू घासायचं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि रात्री दातांच्या फटींतून धागा फिरवायचा. "बऱ्हाणपुरात घरोघरी मागावर धागा," म्हणाले, "पण दातांत कोणी घालत नाही." मिसरी सुटली की रक्त येईल, घाबरायचं नाही. दात राहील का, असं विचारलं. "गेलेलं हाड परत येत नाही. आहे ते वाचवू."

मंगळवार, १६

डोकं ठणकतंय. चहा गोड लागत नाही. यांच्यावर उगाच ओरडले, सुलभावरही. डबी परवाच काठोकाठ भरून आली आहे. टाकायला मोरीपर्यंत नेली, टाकवेना. झाकण दाबून पुन्हा पोत्यामागे ठेवली. बावीस वर्षांची सोबत, लाज वाटते लिहायला.

शुक्रवार, १९

रक्त आलं! बावीस वर्षांत पहिल्यांदा. लालभडक. हिरडी जिवंत आहे.

बुधवार, २४

यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मला लग्नापासूनच पता आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मास्तरीण. तुला कोण शिकवणार?" आणि खिशातून सुताची गुंडी काढून दिली. स्वतःच्या कामाच्या मिलमधून आणली होती, माझ्या धाग्यासाठी. परवा फटींत धागा घालताना मला पाहिलं म्हणे. मला हसू आलं, मग रडू आलं.

मंगळवार, ३०

काल नाही, आज नाही. रक्त थांबलं! आरशात पाहिलं, हिरडी गुलाबी, दाताला घट्ट बिलगलेली. दात हलतो, पण पूर्वीइतका नाही. डॉक्टर म्हणाले, "टिकेल असं वाटतं." मी काही घडवलं नाही, फक्त त्रास द्यायचं थांबवलं आणि शरीरानं आपलं आपण सावरलं. केवढं हे!

सुलभाला म्हटलं, चल, तुला तो थेंब दाखवते, दातही दाखवून येऊ. नको म्हणाली. "दुखेल." भित्री आहे.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आजपासून आमचं राज्य नवं, राजधानी भोपाळ. बाहेर फटाके.

फराळाच्या तळणात कोळसा संपला, म्हणून पोतं उचललं. डबी तिथेच. पण अर्धी. मी सोळा दिवसांत हात लावलेला नाही.

सुलभाला जवळ घेतलं, तोंड उघडायला लावलं, हिरडीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. जोरात दाबलं. रक्ताचा एक थेंब नाही. "तूच तर लावतेस, आई," म्हणाली. अकरा वर्षांची आहे.