कॉम्प्युटरला न कळलेलं ‘हाव’

नांदेड, मंगळवार

ती. आईस, तनुजाचा नमस्कार.

फोन केला असता, पण तू आवाजावरून सगळं ओळखतेस, म्हणून लिहून राहिले. मी बरी हाय. डबा चांगला येतो.

ह्या प्रोग्रामिंगनं मात्र पार डोकं उठवलंय. व्हिडिओ बघून एकटीनंच शिकायचं, अडलं तर विचारू कुणाला? तुझ्यासाठी एक प्रोग्राम केला. तो रोज विचारणार, “बीपीची गोळी घेतली का?” पण उत्तर लिहिलं की मेला पुन्हा तेच विचारायचा. तीन दिवस एकेक ओळ तपासली. वही फेकली. सोडूनच देते म्हणलं.

आज चूक सापडली. व्हिडिओतल्या सरांचं बघून मी त्याला फक्त “हो” शिकवलं होतं, अन् तपासताना दर वेळी आपल्या सवयीनं “हाव” टाइप करत होते. एका हावपायी तीन दिवस गेले!

आता त्याला हाव कळतं. अण्णांचा गुडघा कसा हाय? तू गोळी खरंच घेतेस ना?

रविवारी फोनवर तू विचारशील, “जमून राहिलं का?” मी “हाव” म्हणेन. त्या प्रोग्रामसारखं पुन्हा विचारू नको.

तुझी,
तनू