शेवटचा नर

३ मार्च
आज नर तीन, माद्या एकतीस! सुरुवात दोन्हीकडे पन्नासांनी केली होती. दर दोन दिवसांनी जिवंत फळमाश्या नव्या नळीत ठोकून उतरवायच्या, मागे राहिलेली मढी मोजायची — बावीस वर्षं प्रयोगशाळेत पगार घेतेय तो याचाच. बाईच्या जन्माला आल्याचा फायदा माशीला तरी होतो म्हणायचा.

५ मार्च
कामावरून थेट हॉस्पिटल. धाकटा भाऊ उशीला टेकून, ओठ निळे. हृदयाची झडप बदलायचीय, हा संमतीपत्रावर सही करत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय फार तर दोन महिने. भावजय रडायला बाहेर गेली, तर हा मला विचारतो, "ताई, तुझे नरच का गं आधी मरतात?"
म्हटलं, एक कारण असं सांगतात — मादीकडे एक्स गुणसूत्रं दोन. एकावरचं जनुक बिघडलं तर दुसरं निभावून नेतं. नराकडे एकच.
"म्हणजे आम्ही स्टेपनीशिवाय निघालेली गाडी!"
"आणि ड्रायव्हर बिनडोक."
हसला. मग खोकतच राहिला.

७ मार्च
एकच नर उरला. धाकटा म्हणे, "पैज! अकरा तारखेला तो जिवंत असला तर सही करतो." गाढव! जगायचं की नाही हे माशीला विचारणार!
तरी घरी येऊन त्या माशीसाठी हात जोडले. मी!

९ मार्च
आहे. धडपडतोय, पण आहे.

११ मार्च
मेला. खाद्याला चिकटून, पाय मुडपून. नोंदवहीत खरं तेच लिहिलं. हॉस्पिटलात म्हटलं, "आहे अजून. काचेवर चढतोय."
धाकट्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पेन मागितलं.

१३ मार्च
ऑपरेशन टेबलावरच गेला.

१५ मार्च
माद्या बावीस. साहेब म्हणाले, "रजा घ्या हो बाई." घरी बसून काय करू? बावीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही. खोटं बोलले ते एकदाच — त्यात भाऊ घालवला. दोन महिने तरी होते त्याच्याकडे.

२४ मार्च
भावजय आज बोलली. त्या संध्याकाळी मी निघाल्यावर तो तिला म्हणाला होता, "आज ताईनं एकही टोमणा मारला नाही. माशी मेली गं. पण ताईचा चेहरा बघवेना, म्हणून केली सही."